वीज बंद आहे, हे कशावरून?

स्मरणिकेत इतिहास म्हटला की शाळेची स्थापना, पहिले मुख्याध्यापक, कौलारू वर्गांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास हे सगळे अपेक्षित असते. तो इतिहास या अंकात इतर मित्रांनी लिहिला आहे आणि तो लिहिण्याचा अधिकारही त्यांचाच. संपादक मंडळाने मला एवढेच सांगितले, ''तू जन्मभर विजेच्या कामात होतास, त्यातलेच काहीतरी लिही.'' मग मी एका वीतभर वस्तूचा इतिहास निवडला. टेक्निकलचा विषय घेतलेल्या प्रत्येकाच्या खिशाला ती असायची आणि न घेतलेल्यांच्या घरात ती आजही शिवणाच्या मशीनच्या खणात किंवा स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये सापडेल. ती वस्तू म्हणजे टेस्टर.

त्याला कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. पण टेस्टर ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न जुना आणि जिवावरचा आहे. नळाचे पाणी बंद केले की धार थांबलेली दिसते. चूल विझली की राख हाताला थंड लागते. तारेतली वीज बंद केली की तार मात्र होती तशीच दिसते. तिला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. मग ती बंद आहे हे कशावरून म्हणायचे? गेली पावणेतीनशे वर्षे माणूस या प्रश्नाची उत्तरे शोधतो आहे. त्या शोधात माणसे मेली आहेत आणि सुरक्षिततेचे बरेचसे नियम त्यानंतरच लिहिले गेले आहेत.

शरीर हेच मीटर

सुरुवातीच्या संशोधकांकडे वीज मोजायला स्वतःच्या शरीराखेरीज फारसे काही नव्हते. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान नावाचे शास्त्रज्ञ आकाशातल्या विजेचे मापन करू पाहत होते. छपरावर लोखंडी सळई, तिथून घरात आणलेली तार आणि तारेला जोडलेला दोरा. वीज आली की दोरा बाजूला सरकणार आणि तो किती सरकला ते पट्टीवर वाचायचे. १७५३ च्या ऑगस्टमध्ये वादळ आले तेव्हा ते वाचायला ते उपकरणाजवळ गेले आणि विजेच्या धक्क्याने जागीच गेले. विजेचे प्रयोग करताना मृत्यू आलेला पहिला शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वीज तपासण्याची कृतीच जीव घेऊ शकते, हे जगाला तेव्हापासून माहीत आहे.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेन्डिश यांनी १७७० च्या दशकात वेगवेगळ्या पदार्थांतून वीज किती सहज जाते याची तुलना केली. धक्का किती जोराचा बसतो याचा अंदाज ते स्वतःच्या अंगावर घेत. पुढे एकोणिसाव्या शतकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हा ते अंदाज किती अचूक होते हे पाहून लोक थक्क झाले. १८०० मध्ये व्होल्टा यांनी त्यांच्या विद्युतघटाची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. १८२० मध्ये ओरस्टेड यांना तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलताना दिसली. तिथून गॅल्व्हानोमीटर जन्माला आला आणि शरीर बाजूला ठेवून सुईवर विश्वास ठेवण्याची सोय झाली.

ती सोय प्रयोगशाळेपुरती होती. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या हातात अजून काहीच नव्हते.

न्यूयॉर्कमधली एक दुपार

१८८२ च्या सप्टेंबरमध्ये एडिसन यांचे पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याचा पुरवठा ११० व्होल्ट डीसीचा होता आणि तारा जमिनीखालून गेल्या होत्या. पुढच्या सातआठ वर्षांत रस्त्यावरच्या आर्क दिव्यांसाठी उच्च दाबाच्या तारा मात्र टेलिग्राफच्या, टेलिफोनच्या आणि आगीच्या सूचनांच्या तारांबरोबर त्याच खांबांवर चढल्या.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स हा टेलिग्राफ कंपनीचा लाइनमन मॅनहटनमध्ये निकामी तारा काढायला खांबावर चढला. त्याच्या हातातल्या तारा टेलिग्राफच्या होत्या, म्हणजे त्याच्या अनुभवानुसार निरुपद्रवी. पण थोड्या अंतरावर त्यातली एक तार उच्च दाबाच्या तारेला टेकलेली होती. भरदुपारी, खाली गर्दी जमलेली असताना, तो त्या तारांच्या जाळ्यातच गेला आणि बराच वेळ तिथेच अडकून राहिला. या घटनेने शहर हादरले आणि त्यानंतर धोकादायक हवाई तारा उतरवण्याच्या कामाला जोर आला.

फीक्सचे कौशल्य कमी नव्हते. ज्या तारेला तो हात लावणार होता, ती आत्ता, या क्षणी निर्जीव आहे का, हे विचारण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते आणि तसा रिवाजही नव्हता. तार कुठून येते आणि कसली आहे हे माहीत असले की पुरे, असे तेव्हा मानले जाई. आजही अपघाताच्या चौकशीत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य तेच असते : ''ती लाइन बंदच होती.''

बोट, मग दिवा

तुम्हाला खरे वाटणार नाही, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही कसलेले वायरमन बोटांनी वीज तपासत. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिशियनांसाठीच्या एका गाजलेल्या हँडबुकात घरगुती दाबाची वीज बोटे टेकवून कशी ओळखावी, याचे वर्णन छापलेले होते. आपल्याकडेही जुने वायरमन उलट्या हाताने, म्हणजे बोटांच्या मागच्या बाजूने, तारेला निसटता स्पर्श करत. झटका बसला तर हात आखडून तारेपासून दूर जावा, मुठीत तार पकडली जाऊ नये, असा त्यामागचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता. पण ओला हात, घामाचे अंग, पायाखाली चिखल असला की तोच हिशोब जिवावर बेते. आज घराघरांत बसवलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडतो, यावरून माणसाच्या शरीराला किती थोडा प्रवाह पुरतो हे लक्षात येईल.

बोटाच्या जागी आलेले पहिले साधन म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डर, त्याला दोन तारा आणि एक बल्ब. महाराष्ट्रात वीज आली त्या काळाचे हे साधन. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे १,५०० व्होल्ट डीसीवर निघाली. या सगळ्या पसाऱ्याच्या देखभालीसाठी फिटर, वायरमन, लाइनमन अशी एक नवी कामगार जमात तयार झाली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-वडील त्यातले.

टेस्ट लॅम्पचा एक गुण अजूनही मोलाचा आहे. तो खरा भार टाकतो, त्यामुळे शेजारच्या तारेच्या प्रभावाने आलेल्या फसव्या व्होल्टेजला तो भुलत नाही. दोष मात्र अनेक. २३० व्होल्टचा बल्ब चुकून दोन फेजांमध्ये लावला तर ४०० व्होल्टवर तो फुटतो आणि काच तोंडावर येते. म्हणून जाणते लोक दोन बल्ब सिरीजमध्ये जोडत. तारांची उघडी टोके एकमेकांना किंवा पॅनेलच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट. आणि सर्वांत मोठा दोष असा, की बल्बची तार आतून तुटली असेल तरीही तो लागत नाही. न लागलेल्या दिव्याचे दोन अर्थ होतात : तारेत वीज नाही, किंवा दिव्यात जीव नाही. यातला कोणता खरा हे दिवा सांगत नाही.

निऑनचा तांबडा ठिपका

१८९८ मध्ये लंडनमध्ये विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हवेतून निऑन वायू वेगळा केला. १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनच्या नळ्यांचे दिवे दाखवले. १९१७ च्या सुमारास डॅनियल मूर यांनी अमेरिकेत अगदी थोड्या प्रवाहावर मंद चमकणारा छोटा निऑन दिवा तयार केला. पेचकसाच्या मुठीत असा दिवा आणि त्याच्या जोडीला मोठा रोधक बसवला की झाला आपला टेस्टर.

आपल्या वर्कशॉपच्या सरांनी तो फळ्यावर काढून समजावला होता, तो आठवून पाहा. टोक फेजला टेकते. वीज रोधकातून आणि निऑनमधून मुठीच्या वरच्या धातूच्या टोपीपर्यंत येते. तिथे आपले बोट असते. बोटातून, अंगातून, पायातून ती जमिनीत जाते. रोधक मोठा, साधारण दहा लाख ओहमच्या घरातला, म्हणून प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही खाली राहतो आणि आपल्याला जाणवत नाही. पण तो जातो आपल्याच अंगातून. कॅव्हेन्डिशच्या अंगावरून निघालेली वाट शेवटी आपल्याही अंगातूनच गेली, फक्त मध्ये एक रोधक आला.

या टेस्टरने घरोघरचा अंधार दूर करायला मदत केली, हे खरेच. स्वस्त, खिशात मावणारा, बॅटरी न लागणारा. स्विचमध्ये फेज आहे की न्यूट्रल हे बघायला त्याच्याइतके सुटसुटीत काही नाही. पण वीज बंद असल्याची खात्री करण्यासाठी तो नव्हता आणि आजही नाही. कारणे सरळ आहेत.

कोरड्या लाकडी स्टुलावर, रबरी चपला घालून उभे राहिलात तर जमिनीकडे जाणारी वाट अडते आणि ठिपका मंद होतो. बाहेर लख्ख ऊन असेल तर तो मंद ठिपका दिसतच नाही. मुठीत ओल गेली किंवा आतला रोधक बिघडला, तर ज्याच्यावर भरवसा ठेवला तोच झटका देतो. तुटलेल्या न्यूट्रलची गंमत तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. घरातला दिवा बंद, पण प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. होते असे की फेज चालू असलेल्या पंख्यातून किंवा दिव्यातून न्यूट्रलच्या तारेत येते आणि पुढे वाट तुटलेली असल्याने तिथेच थांबते. घरातल्यांना वाटते लाइट गेली. प्रत्यक्षात नेहमी सुरक्षित समजली जाणारी न्यूट्रलची तारही आता झटका देणारी झालेली असते.

सुई आणि आकडे

१९२३ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांचा ॲव्हो मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम ही तिन्ही मापने एकाच पेटीत. आपल्याकडेही 'ॲव्हो' हा शब्द इतका रुळला की कुठल्याही मल्टिमीटरला जुने लोक ॲव्होच म्हणत. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर आपल्या राज्यातल्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत दिसत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातात मावणारे डिजिटल मल्टिमीटर आले आणि पुढच्या वीस वर्षांत सुया मागे पडून आकडे आले.

आकडे दिसू लागले की माणसाला वाटते, आता शंका उरली नाही. पण खात्रीच्या कामात मल्टिमीटरच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे गोल स्विच. तो चुकून अँपिअरवर राहिला किंवा लाल तार अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोके फेज-न्यूट्रलला टेकवली, की मीटर म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. मोठ्या पॅनेलमध्ये अशा शॉर्टमधून ठिणगीचा भडका उडतो आणि हात-तोंड भाजते. दुसरी अडचण अशी, की डिजिटल मीटरचा आतला रोध फार मोठा, बहुधा एक कोटी ओहम असतो. लांबलचक केबलमध्ये एक तार बंद आणि शेजारची चालू असेल, तर बंद तारेवरही तो चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवतो. वायरमन त्याला 'भुताचे व्होल्टेज' म्हणून हसण्यावारी नेतो. दहा वेळा भूत निघाले की अकराव्या वेळी खरे व्होल्टेजही भूतच समजले जाते. धोका तिथे आहे.

अलीकडे तारेला न टेकता, नुसते जवळ नेले की पिपाणीसारखे वाजणारे पेन आले आहे. भिंतीतली तार शोधायला, कुठे वीज आहे याचा पहिला अंदाज घ्यायला ते उत्तम. पण धातूच्या आवरणाच्या केबलमधली वीज त्याला कळत नाही, डीसी कळत नाही आणि सेल उतरला की ते गप्प बसते. ते गप्प बसले म्हणजे तार निर्जीव, असे समजणे म्हणजे जुन्या बल्बचीच गोष्ट नव्याने करणे.

नियम कसे आले

उपकरणे सुधारत गेली तशी एक गोष्ट जगभरच्या अभियंत्यांना कळून चुकली. नुसते साधन चांगले असून भागत नाही, ते कोणत्या क्रमाने वापरायचे हे ठरलेले हवे.

जर्मनीत हा क्रम पाच नियमांत बसवला गेला आणि तिथल्या शिकाऊ मुलांकडून तो पाढ्यासारखा पाठ करून घेतला जातो. पुरवठा तोडा. तो पुन्हा कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करा. वीज नाही याची तपासून खात्री करा. अर्थ करून शॉर्ट करा. शेजारचे चालू भाग झाका. तपासणी यात तिसऱ्या क्रमांकावर आहे. तिच्या आधी दोन आणि तिच्यानंतर दोन पायऱ्या आहेत. अमेरिकेत १९८९ मध्ये कुलूप आणि पाटी लावण्याचा नियम आला : ज्याने स्विच बंद केला त्याचे कुलूप, त्याच्या नावाची पाटी, चावी त्याच्याच खिशात. ब्रिटनमध्येही १९८९ साली कामाच्या ठिकाणच्या विजेचे नियम झाले. तिथल्या सुरक्षा खात्याच्या 'जीएस ३८' या मार्गदर्शिकेने तपासणीच्या साधनाच्या टोकापर्यंत लक्ष घातले. धातूचे उघडे टोक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, जमल्यास २ मिलिमीटरच. बोट घसरू नये म्हणून कडा हवी. तारेत फ्यूज किंवा प्रवाह मर्यादित ठेवणारी योजना हवी. इतके बारीक नियम वाचून हसू येते खरे, पण टोक घसरून दोन बसबारांमध्ये शॉर्ट झालेले पॅनेल एकदा पाहिले की हसू राहत नाही.

आपल्याकडे १९१० चा भारतीय वीज कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम आपण परीक्षेसाठी पाठ केले. त्यातला छत्तिसावा नियम सांगतो, की कोणत्याही तारेला किंवा यंत्राला हात लावण्याआधी अर्थिंग करून किंवा अन्य योग्य उपायाने ती, आणि जवळची तारसुद्धा, निर्भार करावी. पुढे २००३ चा वीज कायदा आला, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम २०१० मध्ये आणि सुधारून २०२३ मध्ये आले. कागदावर आपण मागे नाही. लाइनमनच्या बोलीतही हा क्रम आहे : परमिट घे, एबी स्विच उघड, फ्यूज काढ, चेक कर, डिस्चार्ज रॉड टाक, मग चढ. अडते ते घाईत. लोक ओरडत असतात, साहेबांचा फोन येतो, पाऊस येतो आणि मधल्या दोन पायऱ्या गळतात.

उलटी आलेली वीज

आपल्या १९८४ च्या तुकडीतला एक मित्र अशाच गळालेल्या पायरीत गेला. त्याचे नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. बहुतेकांना तो आठवेल. विज्ञान प्रदर्शनात पवनचक्कीवर दिवा लावून दाखवणारा. आयटीआय करून तो ठेकेदाराकडे लाइनच्या कामाला लागला होता. लोडशेडिंगची ती वर्षे. पावसाळ्यात गावातल्या लाइनची तार जोडायची होती. डीपीवरचे फ्यूज काढले होते आणि टेस्टर लावून पाहिला होता. टेस्टर लागला नाही आणि तो खरेच बोलत होता, त्या क्षणी तारेत वीज नव्हती. हा खांबावर असताना जवळच्या एका कार्यालयात जनरेटर सुरू झाला. तिथे चेंजओव्हर स्विच बसवलेला नव्हता. जनरेटरची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी लाइनवर आली.

त्या वेळी तारा एकत्र शॉर्ट करून अर्थ केलेल्या असत्या, तर ती उलटी वीज जमिनीत गेली असती आणि जनरेटरचा फ्यूज उडाला असता. तपासणी हा त्या क्षणाचा फोटो असतो. पुढच्या मिनिटाची हमी अर्थिंगच देते. शिवाय ही उलटी वीज डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली तर तिथे ४०० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होतात, हे घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडून घेणाऱ्या किती जणांना माहीत असते?

लोडशेडिंग कमी झाले, पण छतावर आता सोलर आले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर तर आपल्यापैकी अनेकांनी ते बसवले. चांगला इन्व्हर्टर बाहेरची लाइट गेली की आपली वीज बाहेर जाऊ देत नाही, ही जमेची बाजू. पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा ऊन आहे तोवर जिवंतच असतात. मेन स्विच बंद केल्याने त्या मरत नाहीत. त्या डीसी आहेत, दोनशे-तीनशे व्होल्टपासून पुढच्या, आणि त्यांच्यावर आपला जुना निऑन टेस्टर भरवशाचे काही सांगत नाही. दोन तारांमध्ये भरपूर दाब असतो, पण जमिनीकडे वाट नसेल तर ठिपका लागतच नाही. शंभर वर्षे एसीवर रुळलेल्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत.

मग घ्यायचे काय?

इतिहास सांगून झाल्यावर वर्तमानाबद्दल न बोलता उठलो तर सर कान धरतील. म्हणून ज्यांच्या घरी, दुकानात, कारखान्यात किंवा शेतावर विजेचे काम निघते त्यांच्यासाठी चार गोष्टी.

बंद असल्याची खात्री करायला दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्यावा. बाजारात तो 'टू-पोल टेस्टर' म्हणून मिळतो. त्याला फिरवायचा स्विच नसतो, त्यामुळे तो चुकीच्या ठिकाणी राहण्याचा प्रश्न नाही. दोन्ही टोके दोन तारांवर टेकवायची, दिवे वर चढत जातात. एसी आणि डीसी दोन्ही कळते. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१२४३-३ आहे, तो क्रमांक साधनावर किंवा माहितीपत्रकात पाहावा. बॅटरी उतरलेली असली तरी धोक्याचा दिवा समोरच्या विजेवरच लागतो का, हेही माहितीपत्रकात वाचून घ्यावे. मीटरजवळच्या किंवा सर्व्हिस वायरच्या कामाला कॅट ४, घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डाला निदान कॅट ३ अशी खूण हवी. लाइनमध्ये येणारे क्षणिक मोठे धक्के साधनाने हातात न फुटता सोसावेत, यासाठी ही वर्गवारी आहे. ११ किलोव्होल्टच्या लाइनसाठी हे साधन नाही. तिथे लांब काठीवरचा वेगळा डिटेक्टर लागतो आणि ते काम परवानाधारकाचेच.

वापरताना तीन पायऱ्या. आधी टेस्टर एखाद्या चालू जागी लावून तो जिवंत आहे का पाहा. मग ज्या तारेवर काम करायचे तिथे तपासा. मग परत चालू जागी लावून तो अजून जिवंत आहे का पाहा. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, पण मधल्या तपासणीच्या वेळीच टेस्टर मेला असेल तर ते फक्त तिसऱ्या पायरीत कळते. सगळीच वीज बंद असेल तर ठरावीक व्होल्टेज देणारी बॅटरीवरची छोटी पेटी मिळते, तिच्यावर टेस्टर तपासता येतो.

तपासताना एकच जोडी पाहून थांबू नका. थ्री-फेज बोर्डात तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून दहा जोड्या होतात : फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक. सगळ्या तपासायला एक मिनिट पुरते. इन्व्हर्टर, जनरेटर, सोलर यांपैकी काही असेल तर त्याचाही स्विच बंद करा, कुलूप लावा आणि चावी खिशात ठेवा.

शेवटची विनंती टेस्टरच्या किमतीबद्दल. चांगला टू-पोल टेस्टर आपल्या निऑन टेस्टरपेक्षा कितीतरी महाग असतो, आणि महिन्याला मोजका पगार मिळवणारा ठेकेदाराचा पोरगा तो स्वतःहून घेत नाही. तुमच्याकडे काम करायला येणाऱ्या वायरमनला विचारा, ''तपासायला काय आहे तुझ्याकडे?'' तुमचा कारखाना असेल, सोसायटीचे चेअरमनपद असेल, शेतावर मोटार असेल, तर एक टेस्टर आणि दोन कुलुपे जागेवर घेऊन ठेवा. काम थांबले म्हणून त्याच्यावर ओरडू नका, त्याला दहाही जोड्या तपासू द्या.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. वर्कशॉपमध्ये सर आपल्याकडून पक्कड, पेचकस, टेस्टर ओळीने मांडून घेत आणि हळदकुंकू लावत. या मेळाव्याच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या टेक्निकल विभागासाठी काही द्यायचे ठरवले आहे असे कळते. त्या यादीत प्रत्येक टेबलासाठी एक टू-पोल टेस्टर आणि एक कुलूप घालावे, अशी माझी सूचना मी समितीकडे दिली आहे. आठवीतल्या मुलाच्या हाताला तीन पायऱ्यांची सवय लागली तर ती त्याच्याबरोबर खांबापर्यंत जाईल. ज्या मित्राचा वर उल्लेख केला, त्याच्या धाकट्या मुलाने याच शाळेतून टेक्निकल केले आणि आज तो विजेच्याच कामात आहे. त्याच्या पिशवीत असा टेस्टर आहे, हे मी विचारून खात्री केली आहे.